आईच्या पाठीसाठी पंप

तीर्थरूप आईस, इथूनच वाकून नमस्कार.

माझ्या खुर्चीने सोमवारपासून मौनव्रत सोडले आहे. मी हललो की ती करकरून निषेध नोंदवते.

बाकी क्षेम. दादा फोनवर म्हणाला, तुझ्या पाठदुखीसाठी माझ्या कंपनीत बनतो तो औषधाचा पंप पोटात बसवायचे डॉक्टरांनी सुचवले, आणि तू त्यांना पुरते बोलूही दिले नाहीस. “माझ्या धाकट्याने केलाय, चांगलाच असणार!” अगं, स्वयंपाकघरातली गळकी तोटी मला आजवर जमली नाही, विसरलीस?

पंप चांगला आहे. पण त्याची नळी कण्यापर्यंत जाते. ती सरकली तर पुन्हा शस्त्रक्रिया. हे समजावायला मी तिथे हवा होतो.

तू केवळ माझ्या कौतुकापोटी हो म्हणालीस, याची मला भीती वाटते.

तुझा,
धाकटा