ढमीच्या छातीतली धडधड

प्रिय धाकटे,

पत्र बघून तू दचकशील. रोज फोनवर बोलणारी बहीण एकाएकी कागद घेऊन बसली म्हणजे काहीतरी आहे, हे तुला कळेलच. म्हणून आधीच सांगून टाकते, ढमी ठीक आहे. समोर पलंगावर पालथी पडून पुस्तक वाचते आहे आणि मी काय लिहिते ते दिसावं म्हणून मधूनमधून मान लांब करते आहे. पण गेल्या महिन्यात आमच्याकडे जे झालं, ते मी तुला अर्धंमुर्धंच सांगितलं. जरा अशक्तपणा आहे, तपासण्या चालल्या आहेत, एवढंच. पुढचं सांगायला तोंड उघडायचे, तेवढ्यात तू दुकानाची चौकशी करायचीस आणि मीही सुटल्यासारखी गिऱ्हाइकांच्या गप्पा सुरू करायचे.

सुरुवात दुकानातच झाली. लेक आता माझ्याहून उंच झाली आहे. सगळे कपडे तोकडे व्हायला लागले, म्हणून तिला समोर उभं करून नवीन माप घेत होते. टेप छातीभोवती धरली आणि बोटांखाली काहीतरी विचित्र लागलं. ठोके सरळ चालले होते, मग एक चुकला, आणि पुढचा असा दणकून आला की टेप हलली. इतकी वर्षं मी बायकापोरींची मापं घेते आहे, असं हाताला कधी लागलं नव्हतं. मी घाबरून तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर बाईसाहेब आरशात केस बघत होत्या. म्हणाली, होतं असं कधीकधी, आत मासा उलटल्यासारखं वाटतं आणि जातं. मग सांगितलं का नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणे तू माझं पळणं बंद केलं असतंस. शाळेच्या धावण्याच्या संघात ती पहिली आहे, ते तुला माहीतच आहे. आणि खरंच मी बंद केलं असतं गं.

मग जो तो कारणं शोधायला लागला. आपले नेहमीचे डॉक्टर म्हणाले, या वयात होतं, झोप कमी, परीक्षेची भीती, चहा-कॉफी जास्त. ढमीच्या बाबांनी तिचं दप्तर उपसलं, तर त्यात ताकद येते म्हणून विकतात त्या थंड पेयाचे दोन रिकामे डबे निघाले. गुन्हेगार सापडला म्हणून त्यांना इतका आनंद झाला की मलाही हायसं वाटलं. शेजारीण म्हणाली, या वयात पोरीची छाती धडधडायचं एकच कारण असतं, आणि ते कुठल्या वर्गात बसतं ते शोधा. त्यावर ढमी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, थायरॉइड ठीक होतं. मध्यंतरी तिला मोठा ताप येऊन गेला होता. कधीकधी असा ताप हृदयाला धरतो, असं कुणीतरी सांगितलं आणि माझी झोप उडाली. डबे बंद केले, चहा बंद केला, रात्रीचा मोबाईल बंद केला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ठोके कमी चुकायला लागले, असं मीच ठरवून टाकलं. मनाची समजूत घालायला माणसाला फार काही लागत नाही.

आणि एका सकाळी शाळेतून फोन आला. सरावात पळता पळता ढमी पडली. ठेच नाही, घसरणं नाही, पळणारी पोर उभ्या उभ्या कोसळली. खेळाच्या बाई धावत पोहोचेपर्यंत तिचे डोळे उघडलेही होते. मी गेले तेव्हा ती बाकावर बसली होती, गुडघे सोललेले, तोंड पांढरंफटक. माझा हात धरून म्हणाली, "आई, मी घाबरले नव्हते गं. मी नुसती पळत होते."

ते ऐकून आमच्या डॉक्टरांनी लगेच मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी ढमीचा ईसीजी काढला, तो कागद टेबलावर पसरला आणि एका रेघेवर बराच वेळ पेन धरून बसल्या. मग समजावून सांगितलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार होतं. ढमीचं हृदय तयार व्हायला जरा जास्त वेळ घेतं. एरवी ते चालून जातं. पण पळताना, दचकल्यावर, पोहताना ठोके भराभर यायला लागले की कधीतरी घोळ होतो आणि ताल पार सुटतो. चहाने, जागरणाने किंवा कुणाच्या चुकीने हे होत नाही, बऱ्याचदा ते जन्मापासून असतं आणि घराण्यातून येतं, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?"

ढमीचे बाबा नाही म्हणाले. मीही मान हलवली. त्यांनी कागदावर तसं लिहिलं आणि पुन्हा विचारलं, अपघातात? बुडून वगैरे? धाकटे, मला सोन्याचं सांगावंच लागलं. मी म्हटलं, माझा भाचा, पण तो आजारी नव्हता, तो बुडाला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पोहता येत होतं त्याला?"

आपल्या सोन्याला पोहता येत होतं का! तलावातल्या अर्ध्या पोरांना त्यानंच शिकवलं होतं, हे मी तुला काय सांगू. त्या बाईंना सगळं सांगितलं. कमरेएवढं पाणी होतं, तो ओरडला नाही, हात मारले नाहीत, पोहता पोहता नुसता थांबला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला मी आता तपासू शकत नाही, म्हणून खात्रीनं सांगणार नाही. पण इतका चांगला पोहणारा मुलगा असा गेला, तर मी आधी त्याच्या हृदयाचा विचार करीन."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले. ढमीसाठी रडत होते की सोन्यासाठी, मलाच कळत नव्हतं. नंतर त्यांनी आम्हा दोघांचेही ईसीजी काढले. ढमीच्या बाबांचा स्वच्छ निघाला. माझा नाही. पन्नाशीला आले तरी मला कधी काही झालं नाही, पण रेघ तीच, ढमीसारखी. म्हणजे हे माझ्याकडून आलं. माझ्याकडे आपल्या आईकडून आलं की बाबांकडून, ते विचारायला आता दोघंही नाहीत. ढमीला आणि मला रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही आणि सध्या पळायचं नाही. ढमी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी खेळाच्या बाईंनी तिला पळणाऱ्यांची वेळ मोजायला घड्याळ देऊन मैदानाच्या काठावर उभं केलं, तेव्हा कुठे घास गिळला. पुढे काय, ते गोळ्या किती मानवतात त्यावर आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळेत दुखणं कळलेल्या पोरी म्हाताऱ्या होतात. त्या एका वाक्यावर मी सध्या जगते आहे.

आता मुख्य गोष्ट. तू आणि मी एकाच आईबापाच्या. सोन्या तुझा होता, आणि चिमणीही तुझीच आहे. मागे शाळेची घंटा कानाशी वाजली तेव्हा चिमणीला घेरी आली, आणि तू म्हणालीस, भाऊ गेल्यापासून पोर हळवी झाली आहे. तसंच असेल. तसंच असावं. पण डॉक्टरीणबाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी याच आठवड्यातली वेळ काढून दिली, तुझी आणि तिची. पोस्टाची वाट बघायला नको आणि फोनवर सोन्याचं नाव निघालं की तू फोन ठेवतेस, म्हणून ढमीचे बाबा हे पत्र स्वतः घेऊन आले आहेत. आत्ता तुझ्यासमोर बसले असतील. तुम्हाला घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं मी त्यांना बजावलं आहे. तोवर चिमणीला पळू देऊ नकोस, पाण्यात जाऊ देऊ नकोस. आणि निघण्याआधी आणखी एक कर. सोन्या गेला त्या दिवशी मास्तर तलावाच्या काठावर होते; दवाखान्यात तू त्यांना एकच वाक्य बोललीस, लक्ष कुठे होतं तुमचं, आणि त्यानंतर तुम्ही नवरा-बायको एका घरात राहून चिमणीच्या तोंडून बोलता. त्यांचं लक्ष सोन्याकडेच होतं गं. काठावरच्या माणसाला काही समजायच्या आत असं होऊन जातं, हे मी त्या बाईंना दोनदा विचारून घेतलं आहे. मास्तर आतल्या खोलीत असतील. त्यांना हाक मार, आणि पत्र त्यांच्या हातात दे. नाहीतर तूच वाचून दाखव.

तुझीच,
ताई