उभ्या बाटलीची मतं

माय, आज मी भयंकर चिडले आहे. ऐकून घेणारं घरात कुणी नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

तुमच्या वेळचं मतदान आठवतं? दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, मत फक्त बायकांचं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. तू चुलीपुढे तेलाची बाटली आडवी करून शेजारणींना शिकवते आहेस, आणि एक म्हातारी म्हणते, "मी उभीवरच शिक्का मारतो न वं. फुली मारली का बंद!" तू कपाळावर हात मारलास. "अवं, शिक्का जिच्यावर, तेच जितते! आडवीवर मार!" तेव्हा तुम्ही दुकान बंद करून दाखवलंत.

आता दुसऱ्या गावचा परवाना हलवून इथे आणलाय. तुझा लेक, माझा भाऊ, रोज तिथेच. डोळे पिवळे झालेत त्याचे. मी दवाखान्यातली नर्स, मला कळत नाही का? बोलले की म्हणतो, "काऊन मांगं लागली माह्या?"

यंदा आम्ही पुन्हा मतदान घेतलं. आलेल्या बहुतेक बायकांनी आडवी केली, तरी हरलो. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात म्हणे. न आलेली बाई बाटलीच्या बाजूची. सासरी गेलेलीही, मेलेलीही! मी मतदान घ्यायला आलेल्या साहेबांना विचारलं, "मेलेल्या बायका दारू मागतात का?" ते म्हणाले, "सिस्टर, नियम वर ठरतो." वर म्हणजे कुठे? तिथल्या बैठकीला दारूवाल्यांची संघटना, दारूच्या कंपनीची माणसं. दवाखान्यातलं कुणीच नाही. आणि तीच कंपनी आमच्या दवाखान्यात शिबिर घेऊन गेली, भिंतीवर 'जबाबदारीने प्या' लिहून! डोकं फिरायची पाळी आली.

पुढच्या मतदानाआधी मेलेल्यांची नावं कमी करायला मी घरोघरी फिरते आहे. घरच्यांची सही लागते. देऊळघाटच्या रस्त्यावरचे एक म्हातारबा बायकोचं नाव बघून रडायला लागले, तर मी त्यांनाही झापलं. "तिचं मत बाटलीले जाऊन राह्यलं अन् तुम्ही रडून काय राह्यले? करा सही!" त्यांनी केली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. सगळ्या गावाच्या सह्या झाल्या. तुझं नाव अजून यादीत आहे, माय. सही मलाच करायची आहे, आणि माझ्याच्यानं होत नाही.