सावलीच्या कडेला पाणी

बाई, आज पहाटे संत्र्याच्या बागेत गेले आणि झाडांची पानं उघडी दिसली, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आनंदाची गोष्ट आधी तुम्हालाच सांगावीशी वाटते.

यंदा विहीर होळीलाच तळाला गेली. तांड्यातल्या काहींनी बागा काढूनही टाकल्या. आमचे हे टँकर आणून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतत होते, पिंपळाला घालावं तसं भक्तिभावानं, आणि झाडं तरी माना टाकत होती. शेवटी हेच वैतागले. "वाळून राह्यले झाडं. काहून जीव आटवून राह्यली तू? जेसीबी बोलावतो आता." सासूबाईंनी लेकरासारखी जपलेली बाग.

तेव्हा मला आर्णीच्या शाळेचं अंगण आठवलं. आम्ही पोरी बाटलीतलं उरलेलं पाणी कडुनिंबाच्या खोडावर ओततोय आणि तुम्ही पदर खोचून येताय. "अगं पोरीहो, पायावर भात ठेवला तर पोट भरते काय?" मग आम्हाला सावलीच्या कडेला उकिडवं बसवून माती उकरायला लावता. आत केसांसारखी बारीक मुळं, पाणी पिणारी. झाडाला पंप नसतो, तुम्ही सांगता; पान हवेत पाणी सोडतं आणि त्या ओढीनं खालचं पाणी वर चढतं. ऊन फार झालं की पान आपली बारीक तोंडं मिटून घेतं, झाड काही पानं गाळूनही टाकतं. "ते मरून नाही राह्यलं, खर्च कमी करून राह्यलं. त्याले दुपारी नका पाहू, सकाळी पाहा. रात्रीतून पानं उघडली, तर झाड जित्तं आहे."

मी ह्यांच्याकडून थोडे दिवस मागून घेतले. सावलीच्या कडेनं चर खणायला लागले, टँकरचं पाणी त्यात सोडलं, वर मळणीत उरलेलं सोयाबीनचं कुटार पसरलं. हे आधी बांधावर बसून हसले, मग फावडं घेऊन आले. दुपारी पानं वळलेलीच असायची. मी तिकडे बघायचेच नाही. आज ती सपाट होती आणि काही फांद्यांवर पोपटी फूट दिसली. जेसीबीवाल्याला नको म्हणून फोनही ह्यांनीच केला.

हे पत्र टाकायचं कुठे? राहील पिठाच्या डब्याखाली. तांड्यातल्या बाया विचारतात, "हे तुले कोनं शिकवलं?" मी म्हणते, मोबाइलवर पाहिलं. तुमचं नाव घ्यायला गेले की मला रडू येतं, बाई, आणि त्यांच्यासमोर मला रडायचं नसतं.