मोठ्या माणसाची टोपी

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, मोठ्या माणसाची वेणीची टोपी विणायची तर किती टाके घालायचे हो?" आणि मी "दूध उतू जातंय, मग सांगते" म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूधबीध काही नव्हतं. ते राहू दे. टाक्यांचं असं फोनवर सांगून भागत नाही. एक ऐकायचं आणि भलतंच विणायचं. म्हणून लिहूनच पाठवते.

गोल सुईवर शहाण्णव टाके घाल. साध्या टोपीला एवढे लागत नाहीत, पण वेणीनं वीण आवळून येते. हे मी ठेच खाऊन शिकले. तुझा नवरा व्हायच्या कितीतरी आधी तो माझं 'टोपलं' होता, डोकं तेवढं मोठं म्हणून. विजेच्या तारांच्या कामाला लागला त्या थंडीत मी त्याला वेणीची टोपी विणली, पण टाके घातले साध्या टोपीचेच. झाली भलतीच घट्ट. मला वाईट वाटू नये म्हणून गडी दिवसभर तीच घालून खांबांवर चढला. संध्याकाळी काढली तर कपाळभर काठाचा लालभडक वळ! "छान ऊब येते गं," म्हणाला, आणि कपाळ चोळत जेवायला बसला. हसू की रडू कळेना मला. ती उसवून पुन्हा विणलेली टोपी तुझ्याच कपाटात आहे. टाके मोजायला म्हणून तिला सुई लावू नकोस हं. विचारायला मी आहे अजून.

काठ दोन सुलट, दोन उलट असा चार बोटं विण. कान झाकायचे असतील तर सहा बोटं, म्हणजे दुमडता येतो. मग सहा सुलट, दोन उलट असं गोल फिरत राहायचं. दर सहाव्या ओळीला त्या सहातले पहिले तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे सोडायचे, मागचे तीन विणून घ्यायचे, मग सुईवरचे विणायचे. पडला पीळ. सुई दर वेळी पुढेच ठेव. एकदा पुढे, एकदा मागे केलीस तर वेणीची नागमोड होते. लोकर करडी घे, पांढरी नको. भट्टीच्या काजळीत काम करणाऱ्या माणसाला पांढऱ्यावर... 

हं. निसटलं बघ. खोडत नाही आता.

तू म्हणालीस, दुकानात एक गिऱ्हाईक आहे, त्यांना हवीय. शिवणाच्या दुकानात लोकरीच्या टोपीचं गिऱ्हाईक कुठून आलं, ते मी विचारलं नाही. पण पुढे म्हणालीस, "पहाटे सायकलवरून जातात ना ते, कान गारठतात त्यांचे." अगं, गिऱ्हाइकाचे पैसे आपल्याला ठाऊक असतात, गारठलेले कान नाही. आणि 'त्यांचे' म्हणताना तुझा आवाज एवढासा झाला. मी तुझ्या नणंदेला गाठलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तुला माहीतच आहे. "मी काही सांगितलं नाही हं," म्हणत तिनं सगळं सांगितलं. पावाची भट्टी आहे, माणूस अबोल आहे, त्याचीही बायको गेलेली, आणि तू मला सांगायला घाबरतेस.

खोटं कशाला बोलू? तुझ्या ओठांवर दुसऱ्या कुणाच्या डोक्याचं माप आलेलं माझ्या कानांना सोसेना. नणंदेवरच डाफरले, म्हटलं चोंबडेपणा पुरे. दुपारी जेवण गेलं नाही. खिडकीपाशी बसले तर समोरच्या खांबावरून तार गेलेली. त्या अवकाळी वादळात असलीच तार जोडायला माझा लेक चढला. चढला आपल्या पायांनी, उतरवला चौघांनी. तेव्हा माझ्याकडे बघायला येणाऱ्यांना तू चहा करून देत होतीस. तुझ्याकडे कोण बघत होतं? त्याचा कामाचा जाड कोट पांघरून निजायचीस. मी तो दोरीवर वाळत घातला तर ओलाच ओढून घेतलास. मला वाटायचं, पोर नव्यानं उभी राहील की नाही. तुला त्या गावी काम मिळालं तेव्हा 'जा' म्हणाले, आणि तुझी गाडी वळल्यावर पायरीवरच बसून राहिले.

मागच्या खेपेला आलीस तेव्हा भाजी निवडत होतीस. फोनवर काहीतरी आलं, आणि तू खळखळून हसलीस. मग माझ्याकडे बघितलंस आणि हसू गिळलंस. तोंडावर हात ठेवलास, चोरी पकडल्यासारखा. मी देठं खुडत राहिले, पाहिलंच नाही असं दाखवलं. परवा खिडकीत बसल्या बसल्या तेच आठवत राहिलं. माझ्या घरात, माझ्यासमोर, तुला हसायची चोरी व्हावी? तो असता तर माझ्यावरच ओरडला असता.

आता टाक्यांच्या आडून बोलायचं पुरे. भट्टीवाल्यांच्या घरच्यांनी लग्नाचं विचारलं, तर तू 'थंडी सरू दे' म्हणालीस. का ते मला कळतं. थंडीत त्याचा दिवस येतो, आणि आपण दोघी त्या खांबापाशी फुलं ठेवायला जातो. आधी मांडवात उभं राहून मग तो दिवस माझ्याबरोबर काढायचा तुझ्या जिवावर येतंय. म्हणून हे पत्र. या वर्षी तू येऊ नकोस. पुढच्याही नको. मी एकटी जाईन. रडायचं ते रडेन, त्याला सांगायचं ते मीच सांगेन. तू लग्न कर. मग एखाद्या साध्यासुध्या दिवशी त्यांना घेऊन ये, मी पोटभर जेवू घालीन. आई म्हणायचं तेवढं सोडू नकोस. वर्षातला तो एक दिवस फक्त मला दे, पोरी. बाकीचे सगळे तू घे.

तुझीच,
आई