चाळणीखालचा मका

पिंपळी,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय रेश्माताई,

तू, दाजी, सासूबाई बरे असाल. छकुलीला दुसरा दात आला का? आप्पांचा खोकला कमी आहे.

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. पावसात भिजलेल्या मक्याचा रिपोर्ट चांगला आला, असं मी लिहिलं होतं. ते खरं आहे. पण तो आपल्या युनिटच्या चाळणी मशीनमधून साफ होऊन निघालेल्या मक्याचा होता. चाळणीखाली पडलेला माल खड्ड्यात पुरला, असंही लिहिलं होतं. तो पुरला नाही. भरडला.

शाळेत घालायच्या आधीच आप्पांनी आपल्याला मका ओळखायला शिकवलं होतं. दाताखाली कट्ट वाजला तर वाळलेला. फुटका, हलका, सुरकुतलेला दाणा वेगळा काढायचा, हिरवी भुकटी दिसली तर हात धुवायचे. मशीन तेच करतं. पण बारामतीच्या प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, "चाळून बुरशीचं विष मरत नाही हो. फुटक्या दाण्यांबरोबर खाली जातं. वरचा माल सुधारतो आणि खालच्यात ते कितीतरी पट साचतं." भरडला, भाजला तर, मी विचारलं. "भरडून फक्त दिसेनासं होतं. भाजून पुरतं जात नाही. गायीनं खाल्लं तर दुधात उतरतं, आणि दूध उकळूनही राहतंच."

दिवाळीआधी रविराजदादा साखर कारखान्यातल्या गोड मळीचे दोन कॅन घेऊन आला. मी विचारलं, कशाला?

"भरड्याला वास चांगला येतो."

आपल्या कामावरच्या छबूबाई पोती झटकत होत्या. "वास झाकतो म्हण की," त्या म्हणाल्या. "आमी काय, आमी न्हाय बोलायचो."

रविवारी तुझा फोन आला. दादानं फुकट भरडा पाठवलाय, गायी पाटी चाटूनपुसून खातात, किती जीव लावतो, असं तू म्हणालीस. मागून दाजी म्हणाले, "मळी जरा जास्तच मारलीया मेव्हण्यानं," आणि हसले. ते का हसले, याचा मी तीन दिवस विचार करतेय. त्यांना सगळं माहीत आहे, का मलाच आता जिथंतिथं काळंबेरं दिसतंय? तुझा फोन ते स्पीकरवर लावतात, म्हणून हे लिहून छबूबाईंबरोबर पाठवतेय. त्यांची लेक तुमच्या कळसलाच दिलीय. पत्र एकटी असताना वाच.

दादाला मी सोमवारी सरळ विचारलं. तो भाकरी खात होता. "पेंडवाल्यानं माल माघारी पाठवला. मग टाकून द्यायचा व्हय? भणीच्याच गायींना गेला की. गाय उकिरड्यावरचं बी खाती, तिला काय हुतंय?"

गायीला काय होतं, ते मी विचारलं नव्हतं. त्याला छकुली आठवली नाही, की आठवूनही तो बोलला नाही, ते मला कळलं नाही.

ताई, वर मी चूक असं लिहिलं. ती चूक नव्हती. खराब मका पुरला असं तुला लिहिलं, त्याच दुपारी मी त्या भरड्याच्या पोत्यांची तोंडं शिवली होती. कुणा अनोळखी माणसाच्या गायींना जाणार, असं दादा म्हणाला, आणि तेवढ्यावर मी गप्प राहिले. त्या गायींचं दूधही कुणाचं तरी लेकरू पिणार, हे तुझ्या फोनपर्यंत मला सुचलंच नाही, असं लिहिणार होते. सुचलं होतं.

हे हाती पडताच भरडा बंद कर. छकुलीला त्या गायींचं दूध देऊ नकोस, दूध केंद्रावरही घालू नकोस. घरात काय कारण सांगायचं ते तू ठरव, मला आता खोटं सुचवायचं नाही. पोती मात्र हलवू नकोस, कुणी मागितली तरी.

प्रयोगशाळेत शुक्रवारी नमुने घेतात. मी पहिल्या एसटीनं येते. भरडा आणि दूध, दोन्ही तुझ्यासमोर भरून घेईन आणि चिठ्ठीवर आपल्याच युनिटचं नाव घालीन. मग तुमच्या केंद्रावर जाऊन सांगेन, पोती कुणी शिवली तेही. दादाला निघताना सांगणार आहे, त्याआधी नाही. आधी कळलं तर मी पोचेपर्यंत पोती जागेवर राहणार नाहीत, अशी मला भीती वाटते. भावाबद्दल हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते.

मला घरात घ्यायचं की दारातूनच पोती दाखवायची, तुझ्यावर आहे.

तू म्हणशील तर तुझीच,
उत्कर्षा

ता. क. शुक्रवारी, १४ नोव्हेंबरला, सकाळी आठच्या आत पोचते.