खांदा निखळवायचा खेळ

नुमान भावा,

चाकणहून मोईजचा सलाम, आणि दुआ तर नेहमीच्याच.

फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. कंपनीत वरचा पार्ट काढताना खांदा पुन्हा निखळला, दवाखान्यात बसवून घेतला, एवढंच. सुपरवायझर म्हणाला, "मोईजभाई, मशीनपेक्षा तुमचंच मेंटेनन्स जास्त."

डॉक्टर म्हणतात, सांधा धरून ठेवणारं आवरण सैल झालंय, आणि प्रत्येक वेळी निखळला की आणखी सैल होतं. सध्या रबराचा पट्टा ओढायचा व्यायाम दिलाय. त्यानं भागलं नाही तर ऑपरेशन. झोपेत कूस बदलायचीही धास्ती वाटते. हे अम्मीला वाचून दाखवू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

घरात अजून कुणाला आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. अब्बांनी आपल्याला जमीन दिली नाही, सैल सांधे तेवढे दिले.

तू लग्नात खांदा निखळवून पोरांना हसवतोस, तो व्हिडिओ पाहिला. मीही हसत होतो. मग तुझ्या मागं उभी असलेली तुझी लेक अफरीन दिसली. सहा वर्षांची पोर तुझ्यासारखाच खांदा बाहेर काढून दाखवत होती, आणि पाहुणे टाळ्या वाजवत होते.

तिला रागावू नकोस. आधी तू थांब, आणि तिला डॉक्टरकडे ने.

तुझा भाऊ,
मोईज