शिव्यांचा सराव

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आता मला तुमच्या शिव्या आठवाव्या लागतात. उपासनेतला तुमचा आवाज पुसट झाला आहे. पण दुपारी भांडी आवरल्यावर स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही मला "ए टवळे, आलीस व्हय परत तोंड दाखवायला?" म्हणायचात, ते अगदी काल ऐकल्यासारखं कानात आहे. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. चर्चच्या मंडळीत तुम्हाला चढ्या आवाजात बोलताना कधी कुणी ऐकलं नव्हतं.

मी तुमच्याकडे आले ती साताऱ्याच्या बोर्डिंगातून. त्याआधीचं घर पाटणजवळ. आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मला बोर्डिंगात ठेवलं. सातवी झाल्यावर तिथल्या मॅडमनी सांगलीला पाठवलं, मिशनच्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली बायबलबाईचं काम शिकायला. खाटेखाटेशी जाऊन बसायचं, शास्त्रातलं वाचून दाखवायचं, प्रार्थना करायची, एवढंच काम असतं अशी माझी समजूत होती. मला अध्यायच्या अध्याय पाठ होते आणि त्याचा थोडा गर्वही होता. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या हातातलं पुस्तक घेऊन फळीवर पिठाच्या डब्याशेजारी ठेवलंत आणि म्हणालात, "हे तुला येतं. आता लोकांचं बोलणं ऐकून घ्यायला शीक."

मग रोज दुपारी सराव. तुम्ही आजारी, मी भेटायला आलेली. मी दारातून आपल्या ख्रिस्ती रीतीनं "सलाम" म्हणत यायचं आणि तुम्ही तोंडाला येईल ते बोलायचं. मी उलट बोलायचं नाही, रडायचं नाही, आणि हसायचंही नाही. हसण्यावर तुमचा फार राग. "तो पुण्यवान चेहरा आधी उतरवून ठेव. दुखावलेल्या माणसाला त्याचीच जास्त चीड येते," असं तुम्ही म्हणायचात. एकदा मी विचारलं होतं, बाई, एवढ्या शिव्या तुम्हाला येतात कुठून? तुम्ही कणीक मळता मळता म्हणालात, "अर्ध्या हळदीच्या पेठेतल्या हमालांच्या, अर्ध्या माझ्या सासूच्या. सासूच्या जास्त टिकाऊ आहेत."

सराव झाला की चहा. चहा पिताना तुमचा एकच प्रश्न असायचा, आज कुठला शब्द लागला? मी म्हणायची, कुठलाच नाही. "मग उद्या परत." असे बरेच दिवस गेले. एक दिवस तुम्ही म्हणालात, "कुनाला नको झालीस म्हनून हितं आलीस गं?" मी उठले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसले. माझी भांडी घासून झाल्यावर तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि म्हणालात, "सापडलं. आता इथं प्रार्थना करायची. आजाऱ्यासाठी नंतर, आधी तुझ्यासाठी. जिथं दुखतं तिथं प्रभूला हात लावू दे. आपली जखम ओली राहिली की दुसऱ्याची खपली काढायला हात शिवशिवतात." पुढे रोज तुम्ही तेच वाक्य म्हणायला लागलात. मला ते बसल्या जागी ऐकता येईपर्यंत म्हणालात. ते बरोबर होतं की नाही, मला अजून सांगता येत नाही. पण तो चहा, ती फळी, पिठाचा वास, यांच्याइतकं घरासारखं मला पुढे काही लाभलं नाही.

मग ती आली. जतकडची धनगराची बाई, छातीचा क्षय. नवऱ्याकडच्या माणसांनी तिला खाटेवर टाकलं आणि मेंढरं घेऊन ती माणसं पुढे निघून गेली. दोन पोरं होती, तीही नेली. ती सुई टोचू देत नव्हती. सिस्टरच्या अंगावर तिनं ताट फेकलं. पाळकसाहेब गेले तर म्हणाली, "तुमच्या देवाला म्हनावं, आदी माझी पोरं आनून दे, मग तोंड दाव." डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, अशीच राहिली तर दिवाळी बघणार नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, जा.

मी चेहरा उतरवून ठेवून, छाती घट्ट करून गेले. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. शिवी नाही, शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मी तुमच्याकडे येऊन जवळजवळ रडत म्हणाले, "बाई, ती मला शिवीच्या लायकीचंसुद्धा समजत नाही." तुम्ही पदर तोंडात धरून हसायला लागलात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मग म्हणालात, "गप्प बसणाऱ्या माणसाचा सराव आपण केलाच नाही. चुकलंच माझं." मी विचारलं, आता काय नेऊ? तुम्ही म्हणालात, "काही नेऊ नकोस. नुसती जा आणि बस."

मी बसायला लागले. ती भिंतीकडे, मी तिच्या पाठीकडे. निलगिरीच्या तेलाचा आणि फिनेलचा वास, बाहेर झाडू मारल्याचा आवाज. किती दिवस बसले ते मोजलं नाही. एका दुपारी काही न ठरवता माझ्या तोंडातून गावाकडचीच बोली आली. "मला आय न्हाई. बापानं दुसरं लगीन केलं. त्या आयला मी नको व्हती." हे मी तुम्हालासुद्धा इतक्या शब्दांत सांगितलं नव्हतं. ती भिंतीलाच म्हणाली, "मेंढीबी असंच करती. दुसरीचं कोकरू ढकलून देती."

"मग काय करत्यात?"

"मेंढीला बांदायची अन् कोकरू लावायचं. चार दिसांत घेती." मग म्हणाली, "तुझ्या आयला कुनी बांदलीच न्हाई."

मला हसू आलं. तीही हसली असावी, कारण तिची पाठ हलली आणि ती खोकायला लागली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला प्रार्थनासभेसाठी तासगावला पाठवलंत. तिसऱ्या दिवशी परत वॉर्डात पाऊल टाकते न टाकते तोच ती ओरडली, "काल कुटं मेली व्हतीस गं भवाने? त्या सिस्टरनं सुई घिऊन माझा हात धरला, अन् तू न्हाईस!" मी म्हणाले, आता हाय की मी. तिनं तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि हात पुढे केला. सुई झाल्यावर मी आवारातून पळत तुमच्याकडे आले. तुम्ही स्टोव्हला पंप मारत होतात. "बाई, तिनं मला शिवी दिली!" तुम्ही पंप सोडलात, माझा हात धरून मला तिथंच फरशीवर गुडघ्यांवर बसवलंत आणि मोठ्यानं प्रभूचे आभार मानलेत, शिवीबद्दल. दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला तरी तुमचं आमेन झालं नव्हतं.

ती जगली. वजन वाढलं, सगळ्या वॉर्डाला बोलायला लागली. मिशनच्या कमिटीवरच्या साहेबांनी विचारलं, तिनं प्रभूचा स्वीकार केला का? तुम्ही म्हणालात, "ती सुई घेते." त्यांनी परत विचारलं, तुम्ही परत तेच सांगितलंत. तिनं शेवटपर्यंत आमचं शास्त्रातलं काही ऐकून घेतलं नाही, गाणी तेवढी चालायची.

तिला गाडीत बसवायला आपण दोघी स्टँडवर गेलो होतो. ती भावाकडे निघाली होती, तिथून पोरांच्या शोधात जाणार होती. तुम्ही कंडक्टरला सांगत होतात, बाई आजारातून उठली आहे, हिला पुढे जागा द्या, मधेच उतरवू नका. ती पायरीवर उभी राहून मला म्हणाली, "येतीस का माझ्यासंगं? भाकरीला कमी न्हाई. माझ्या पोरांस्नी थोरली भन हुईल." चेष्टा नव्हती ती. मी गाडीच्या दांड्याला हात लावला होता. तुम्ही वळून विचारलंत, "काय म्हणते गं?" मी म्हणाले, "सलाम म्हणते."

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, आणि पाठवता आलं असतं तरी हे शेवटचं फाडून ठेवलं असतं. बाई, मला त्या क्षणी जावंसं वाटलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही हसून "जा" म्हणाला असतात, अशी मला भीती वाटली.